दोन इंच मोकळी जागा

महाराष्ट्रात थंडीची बातमी निफाडवाचून पुरी होत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी तो आकडा पेपरात ठळक होतो, आणि आकडा छापून येण्याआधीच तालुक्यातल्या द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटलेल्या असतात. मणी तडकू नये म्हणून बागेला ऊब द्यायची आणि आपण गोधडीत शिरायचं, अशी इथली जुनी वाटणी आहे. याच तालुक्यातलं सायखेडा तर गोदावरीच्या अगदी काठावर, त्यामुळे इथल्या थंडीला ओल असते. तरीही इथल्या घरांनी भिंतीतली शेकोटी कधी बांधली नाही. महाबळेश्वरच्या बंगल्यांत साहेबानं ती बांधली. आपल्या घरातला विस्तव चुलीत राहिला आणि शेकायचं ते अंगणात.

आता द्राक्षाच्या पैशातून मळ्यात नवी घरं उठताहेत आणि बैठकीच्या नकाशात फायरप्लेस येऊ लागली आहे. मोबाइलवर चित्र दाखवलं जातं: दगडी चौकट, वर जाड लाकडी फळी, आत सोनेरी ज्वाळा. चित्र खोटं नसतं. पण या कामातलं जे खरोखर पाहण्यासारखं आहे ते त्या चित्रात येत नाही. भिंतीमागे, जमिनीखाली आणि छपरावर ज्या चार गोष्टी केलेल्या असतात त्यांच्यावर पुढचं तोंड टिकतं. ते झाकलेलं काम एकदा निवांत वाचण्याजोगं आहे.

वाचायला सुरुवात मात्र चुलीपासून करावी, कारण विस्तव घरात ठेवण्याची अक्कल आपल्याकडे तिथेच साठलेली आहे. जुन्या सैपाकघरातली मातीची चूल नीट बघा. भांडं टेकतं ते तीन उंचवट्यांवर, थानांवर. ही थानं चुलीच्या कडेपेक्षा जेमतेम बोटभर वर असतात. ती नसती तर तळ कडेला चिकटून बसला असता, धुराला वाट उरली नसती आणि जाळ गुदमरला असता. ती फार उंच असती तर ज्वाळा भांड्याला न शिवता बाहेर पळाली असती. हे बोटभर अंतर चूल घालणारीनं कुठल्या पट्टीनं मोजलं नाही. ओली माती चिमटीत वर ओढताना तिचा हात जिथे थांबला तिथे ते माप झालं, आणि ते चुकत नाही.

मग वैल बघा. मुख्य चुलीच्या बाजूला एक भोक, त्यातून निसटणारी आच शेजारच्या छोट्या तोंडाखाली नेलेली. भाकरी चुलीवर, आमटी वैलावर. तिथे वेगळं जळण घालायचं नसतं. एकदा वापरलेल्या उष्णतेचा तो दुसरा हप्ता असतो. तापलेल्या वायूला सरळ वर न सोडता वळण देऊन कामाला लावायचं, ही गोष्ट भल्याभल्या भट्ट्यांच्या रचनेत कौतुकानं सांगतात. इथे ती एका भोकात उरकली आहे. मातीचं मिश्रणही तितकंच विचारी. नुसती चिकणमाती वाळताना आणि तापताना फुटते. म्हणून तिच्यात भुसा आणि शेण. त्यातले तंतू तडा धरून ठेवतात, आणि आतून जळून गेले की जी बारीक पोकळी मागे राहते ती उष्णता अडवते.

आणि पोतेरं. रोज सकाळी थंड चुलीवर पांढऱ्या मातीचा ओला हात फिरतो. स्वच्छता, सोवळं, शोभा, सगळं त्यात असेल. पण ती तपासणीही आहे. कुठे तडा गेला, कुठे कड ढिली झाली, हे डोळ्याआधी तळव्याला कळतं आणि त्याच हातानं बुजवलंही जातं. अग्नीच्या जागेची रोजच्या रोज पाहणी करणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही. फायरप्लेस बांधून देणारा कारागीर वर्षातून एकदा धुराडं तपासा म्हणून विनवतो आणि मालक विसरतो.

या चुलीला धुराचं मात्र उत्तर सापडलं नाही, हे कौतुकाच्या भरात लपवू नये. धाब्याच्या घरात छताला एखादं भोक, कौलारू घरात एखादं उचललेलं कौल, बाकीचा धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चुलीचे प्रयोग झाले, हैदराबादच्या एस. पी. राजूंनी १९५३ साली बिनधुराच्या सैपाकघरावर पुस्तिका लिहिली, १९८३ पासून केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम चालला, आणि पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेनं दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल गावोगाव नेली. यातली गंमत अशी की सगळ्यांचं लक्ष एकाच ठिकाणी होतं: आगीवर नव्हे, धुराच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस घरोघर पोचला. सैपाकघरातून कसाबसा बाहेर काढलेला धूर आपण आता बैठकीत हौसेनं बोलावतो आहोत. बोलावू या, पण त्याला जायची वाट आधी आखून.

जमिनीखालून सुरुवात करू. विटांची किंवा दगडाची फायरप्लेस तिच्या धुराड्यासकट काही टन वजनाची होते, आणि सायखेड्याची जमीन काळी. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी गावात शिरली होती, तेव्हा ही माती किती पाणी पिते ते सगळ्यांनी पाहिलं. अशा जमिनीवर घर एका गतीनं बसतं आणि हा जड खांब दुसऱ्या गतीनं. दोघांना एकत्र बांधलं की तडा जातो, आणि तो तडा गेलेला असतो धूरनळीला, म्हणजे नेमका जिथे कुणाचा डोळा पोचत नाही तिथे. म्हणून जाणता गवंडी फायरप्लेसचा पाया वेगळा काढतो. मुरूम लागेपर्यंत खाली, वर किमान फूटभर जाडीचा काँक्रीटचा थर, आणि तो बांधकामाच्या चारही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर आलेला. घराच्या भिंतीशी तिचं नातं शेजाऱ्याचं ठेवायचं, भावंडाचं नाही. हे सगळं पुढे कायमचं गाडलं जातं, त्यावर फरशी बसते. कुणी कौतुक करणार नाही अशा जागी केलेलं हे काम पाहिलं की गवंड्याची पत कळते.

जमिनीवर आलं की पुढचा ओटा. निखारा उडतो तो पुढेच उडतो, म्हणून तोंडासमोरची जमीन न जळणारी हवी हे कुणीही सांगेल. किती, हा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत त्याचं साधं उत्तर आहे: तोंड सहा चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर समोर १६ इंच आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच, तेवढं किंवा त्याहून मोठं असेल तर समोर २० आणि बाजूंना १२. तीन फूट रुंद, अडीच फूट उंच असं बैठकीला शोभणारं तोंड घ्या. साडेसात चौरस फूट भरलं, म्हणजे मोठा ओटा आला. आपल्या बेसॉल्टची घडीव फरशी इथे फार देखणी दिसते. फक्त नदीतले गुळगुळीत गोटे शोभेसाठी आगीजवळ लावायचा मोह टाळावा. त्यांच्या पोटात पाणी असतं, तापलं की वाफ होते आणि गोटा फुटून अंगावर येतो.

आता आग जिथे बसते ती कोठी. इथे बेंजामिन टॉम्प्सन उर्फ काउंट रमफर्ड याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मॅसॅच्युसेट्सचा जन्म, म्युनिकची चाकरी, तोफा कोरताना निघणारी उष्णता पाहून ‘उष्णता म्हणजे गती’ असं मांडणारा हा तऱ्हेवाईक माणूस. त्यानं १७९६ साली लंडनच्या धुमसणाऱ्या शेकोट्यांवर एक निबंध लिहिला. तेव्हाच्या कोठ्या खोल आणि चौकोनी असत. आग आत बसे आणि ऊब सरळ वर निघून जाई. रमफर्डनं कोठी उथळ केली आणि बाजूच्या भिंती तिरप्या केल्या. त्याचं माप इतकं सुटसुटीत आहे की ते मनातल्या मनात काढता येतं. तोंडाच्या रुंदीचे तीन भाग करा. तीन फुटांचं तोंड असेल तर एक भाग झाला १२ इंच. पाठीमागची भिंत १२ इंच रुंद, कोठीची खोली १२ इंच, आणि उरलेले दोन भाग दोन्ही बाजूंच्या तिरप्या भिंतींनी वाटून घेतलेले. १२ आत जाताना १२ सरकलं, म्हणजे तिरपेपणा बरोबर पंचेचाळीस अंशांचा. त्या भिंतींवर पडलेली ऊब आत न घुटमळता परावर्तित होऊन थेट बसलेल्यांच्या गुडघ्यांवर येते. एक संख्या, तिचेच तीन अवतार. आजच्या अमेरिकी संहितेत कोठीची खोली किमान २० इंच असावी असा नियम आहे, आणि लगेच खाली अपवाद आहे: रमफर्ड पद्धतीची असेल तर १२ चालेल, पण तोंडाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी नको. दोनशे वर्षांनी एखाद्याचं नाव नियमाच्या पुस्तकात अपवाद म्हणून उरावं, याहून मोठं प्रशस्तिपत्रक कारागिराला कुठलं?

याच माणसानं तिरप्या भिंतींना चुना फासायला सांगितलं होतं, कारण काळं पृष्ठ उष्णता गिळतं. आमच्या आज्यांच्या पांढऱ्या मातीशी त्याची ओळख करून द्यायला हवी होती.

कोठीच्या आतल्या कामात साध्या भाजक्या विटेवर भिस्त ठेवू नये. आतलं अस्तर अग्निविटांचं, किमान दोन इंच जाडीचं. ते धरून एकूण भिंत आठ इंचांची. अग्निविटांचे सांधे पाव इंचाहून जाड नसावेत आणि मसालाही उष्णता सोसणारा असावा. सिमेंटचा जाड सांधा दोन हिवाळ्यांत पीठ होऊन गळतो. चांगल्या कामात या विटांमधल्या रेषा पेन्सिलनं आखल्यासारख्या दिसतात; जवळ वाकून पाहावं असं ते आहे.

आणि आता गळा. माझ्या मते साऱ्या रचनेतली ही सगळ्यात सुंदर जागा, आणि ती पाहायला कोठीत डोकं घालून वर बघावं लागतं. रमफर्डच्या आधी धुराड्याचं खालचं तोंड भलंमोठं असे, धूर जास्त म्हणून वाट मोठी, या साध्या समजुतीनं. त्यानं ओळखलं की एवढ्या मोठ्या वाटेनं धुराबरोबर खोलीतली ऊबदार हवाही पळते आणि वरून थंड हवेला खाली उतरायला ऐसपैस जागा मिळते. त्यानं गळा आवळला. पुढून मागे अवघा चार इंच. वाट अरुंद झाली तसा प्रवाहाचा वेग वाढला आणि धूर ओढला जाऊ लागला. तोंडावरच्या तुळईची आतली कडही त्यानं गोलसर केली, कारण धारदार कडेवर हवेचे भोवरे होतात आणि त्या भोवऱ्यांतूनच धूर खोलीत झिरपतो. बाहेरून ही गोलाई दिसत नाही. पण बोट फिरवलं तर कळतं, आणि कळल्यावर त्या गवंड्याला चहा पाजावासा वाटतो.

गळ्याच्या लगेच वर, मागच्या बाजूला एक आडवा कट्टा असतो. नवशिक्याला ती उगाच सोडलेली जागा वाटते आणि तो ती तिरपी भरून टाकतो. थंड धुराड्यातून जड हवेचा झोत मागच्या भिंतीला धरून खाली येतो. तो या कट्ट्यावर आपटतो, वळतो आणि वर चढणाऱ्या धुराबरोबर परत जातो. कट्टा नसता तर तोच झोत निखाऱ्यांवर पडला असता आणि सोफ्यावरच्या पाहुण्यांना राख चाखायला मिळाली असती. खाली येणाऱ्याला न अडवता त्याची दिशा बदलायची, यात वैलाच्या भोकाइतकाच समंजसपणा आहे. गळ्यावरची लोखंडी झडप हा त्यावरचा पहारा: शेकोटी नसताना बंद, आग असताना पूर्ण उघडी. आणि एक महत्त्वाचं, राखेत निखारे जिवंत असेपर्यंत ती लावायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. या वायूची सूचना देणारं छोटं यंत्र खोलीत लावणं हा खर्च वायफळ नाही.

धूरनळीचं गणित थोडक्यात: तिचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं, नळी गोल असेल तर बाराव्या हिश्श्यातही भागतं, कारण धूर फिरत फिरत चढतो आणि कोपरे त्याला नकोसे असतात. ती शक्यतो घराच्या आतून वर न्यावी. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं धुराडं निफाडच्या थंडीत रात्रभर गारठतं, धूर वर जाता जाता निवतो आणि न जळलेलं डांबर आतल्या बाजूला चिकटत जातं. ओलं लाकूड जाळलं की हा थर झपाट्यानं वाढतो. एके रात्री मोठा जाळ झाला की तो थरच पेटतो, आणि मग आग कोठीत नसते, धुराड्यात असते.

छपराबाहेरचा नियम मला तोंडपाठ व्हावा इतका आवडतो. धुराडं जिथून छप्पर फोडून निघतं तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या टापूतल्या कुठल्याही भागापेक्षा दोन फूट उंच. आढ्यावरून येणारा वारा पलीकडे उतरताना भोवरा करतो. धुराड्याचं तोंड त्या भोवऱ्यात सापडलं की वारा धूर आत ढकलतो. दोन फुटांनी ते वर काढलं की तोच वारा त्याला ओढून घेतो. शत्रूला मित्र करायला लागलेली किंमत, दोन फूट वीटकाम. त्यावर पावसासाठी टोपी आणि ठिणगीसाठी अर्ध्या इंचाहून बारीक भोकांची जाळी. सायखेड्यात ही जाळी शोभेची नाही. शेजारी कडब्याची गंजी असते, उसाचं वाळलेलं पाचट असतं, कांद्याची चाळ असते. जाळी नसेल तर एका पार्टीच्या रात्री शेजाऱ्याचा वर्षभराचा चारा जाईल. पारवे आणि साळुंक्यांना उन्हाळ्यात आत घरटं बांधता येत नाही, हा वरचा फायदा.

एवढं सगळं झाल्यावर चौकट येते, आणि चित्रात दिसतं ते इथून पुढे. पण माझ्या लेखी कारागिराची खरी परीक्षा चौकटीत आहे, कारण आतापर्यंत आग आणि दगड यांचा व्यवहार होता. आता आग आणि लाकूड यांचा आहे.

आपले जुने वाडे सगळे लाकडाच्या सांगाड्यावर उभे. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, खणाखणानं मोजलेलं घर. त्याच घरात दिवसातून दोनदा आग पेटायची. जुन्या सैपाकघरात चूल मातीच्या जाड भिंतीशी असते, खांबाला टेकवलेली सहसा दिसत नाही. खांबाच्या आणि जाळाच्या मध्ये हवा राहते. हे अंतर कुणी लिहून ठेवलं नाही, पण ते पाळलं गेलं म्हणून इतके वाडे इतकी वर्षं उभे राहिले. लाकडी वाडा पेटला तर काय होतं, ते शनिवारवाड्यानं दाखवलं आहे. १८२८ च्या फेब्रुवारीत तो पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. आज आपण तिकीट काढून पाहतो ते उरलेलं दगडकाम.

नव्या चौकटीतही तेच अंतर, फक्त आता ते इंचांत सांगितलेलं आहे. फायरप्लेसच्या दर्शनी भागापासून आणि बाजूंपासून लाकडी चौकट किमान दोन इंच लांब, पाठीमागे चार इंच. घराच्या आतून जाणाऱ्या धुराड्याच्या भोवतीही दोन इंच. आणि त्या दोन इंचांत काहीही नाही. ना मसाला, ना लाकडाचा तुकडा, ना उरलेला थर्माकोल. मजल्याच्या पातळीवर ही फट न जळणाऱ्या पत्र्यानं बंद करतात, म्हणजे खालची आग फटीतून वर धावू नये. एरवी ती मोकळी. रिकामी फट पाहून सुताराचे हात शिवशिवतात. त्याचं सगळं शिक्षण फट बुजवण्याचं असतं, सांधा बंद करण्याचं असतं. इथे त्याला आपलं कौशल्य दोन इंच अलीकडे थांबवावं लागतं. चांगली चौकट ओळखायची असेल तर सांधे मागाहून पाहावेत, आधी बॅटरी घेऊन ही फट पाहावी. ती वरपासून खालपर्यंत एकसारखी, कचरा नसलेली, सरळ दिसली तर तो सुतार जपून ठेवण्यासारखा.

हे अंतर इतकं जपायचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. ताजं, निरोगी लाकूड पेट घ्यायला बरीच उष्णता मागतं. पण वर्षानुवर्षं मंद तापत राहिलेलं लाकूड आतून कोळशाकडे झुकतं आणि मग बऱ्याच कमी तापमानाला पेटू शकतं. म्हणजे पहिल्या पाच हिवाळ्यांत काही झालं नाही, हा पुरावा होत नाही. तो काळ मोजला जात असतो.

सायखेड्यात घरं विटांची आणि स्लॅबची, मग हे लाकूड येतं कुठून? इंटिरिअरवाल्याकडून. गवंडी उत्तम काम करून जातो, आणि महिनाभरानं प्लायवुडची पेटी, व्हेनिअर, लॅमिनेट, खोटं छत अशी मंडळी धुराड्याला मिठी मारायला येतात. त्यातही एक फसगत फार सफाईदार असते: प्लायवर दगडी टाइल चिकटवतात आणि ‘आता काही भीती नाही’ म्हणतात. टाइल जळत नाही हे खरं. पण ती उष्णता अडवतही नाही; ती मागच्या प्लायला पोचवते, तेही दिसू न देता. तोंडाभोवती जे लावायचं ते मुळापासून न जळणारं हवं: सिमेंटची शीट, लोखंडी सांगाडा, वर दगड. ज्या घरात हे केलेलं असतं तिथे दगडावर हात ठेवला की तो कोमट लागतो आणि मागच्या खोलीतली भिंत गार. त्या दोन तापमानांमधला फरक हीच त्या कामाची सही.

तोंडावरची जाड फळी थोडक्यात उरकतो. लाकडी असेल तर तोंडापासून किमान सहा इंच लांब. बारा इंचांच्या आत असेल तर जितके इंच लांब त्याच्या आठव्या हिश्श्याएवढीच पुढे आलेली. आठ इंचांवर एक इंच. म्हणजे फळी आगीच्या जवळ येते तशी ती आपोआप अंग चोरते. फार शालीन नियम आहे. तिच्यावर टीव्ही टांगणाऱ्याबद्दल मी बोलणार नाही.

हवेबद्दल सायखेड्याच्या माणसाला काही शिकवावं लागत नाही, कारण त्याची कांद्याची चाळ म्हणजे हवेचीच वास्तू आहे: खालून मोकळी, बाजूंनी फटी, पाखी चार फुटांहून रुंद नाही, गरम हवा वर निघून गेली की गार हवा खालून आपसूक येते. फायरप्लेसचा श्वास हाच. ती जितका धूर वर पाठवते तितकी हवा तिला खोलीतून हवी. नवी घरं मात्र ॲल्युमिनियमच्या घट्ट खिडक्यांनी बंद असतात आणि सैपाकघरात जोरदार एक्झॉस्ट लावलेला असतो. हवा आत येण्याची दुसरी वाट नसली की तो एक्झॉस्ट फायरप्लेसमधूनच हवा खेचतो आणि धुराडं उलटं वाहू लागतं. म्हणून कोठीजवळ बाहेरची हवा आणणारी छोटी वाट ठेवतात. जो माणूस चाळीला फटी ठेवतो आणि बैठकीला ठेवत नाही, त्याची मला गंमत वाटते.

जळणाचं इथे वैभव आहे. बाभूळ सगळ्यांत उत्तम: घट्ट, सावकाश जळणारी, निखारा धरणारी. फोडून, पावसापासून झाकून, बाजूंनी वारा लागेल अशी रचून वर्षभर वाळवलेली. ओलावा पाचव्या हिश्श्याच्या आत आला की ढलपा ढलप्यावर आपटल्यावर ठणठणीत वाजतो. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या गंज भरभरून मिळतात म्हणून त्या आत नेण्याचा मोह होतो. पण त्यांच्यावर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, त्या बाहेरच बऱ्या. रंगवलेलं लाकूड, प्लायचे तुकडे, हेही नको. आणि खरं सांगायचं तर उघडी फायरप्लेस हौसेची वस्तू आहे. लाकडातल्या उष्णतेचा मोठा वाटा ती आकाशालाच देते. ऊबच हवी असेल तर काचेचं दार असलेला बंद लोखंडी स्टोव्ह कितीतरी कमी लाकडात खोली तापवतो. ज्वाळा बघायची असेल तर मात्र रमफर्डला पर्याय नाही.

सगळं बांधून झाल्यावर ते वाळू द्यावं लागतं, चांगला महिनाभर. मग पहिली आग मूठभर काटक्यांची, दुसरी जराशी मोठी. ओल्या बांधकामाला एकदम तापवलं तर आतली वाफ सांधे फोडून निघते. थंड धुराड्यात आधी पेटत्या कागदाचा बोळा गळ्याजवळ धरायचा, म्हणजे नळीतली गार हवा हलते आणि ओढ सुरू होते. त्यानंतर गवंडी मूठभर ओला कडबा निखाऱ्यांवर टाकतो, मुद्दाम दाट पांढरा धूर करतो आणि वरचं तोंड ओल्या गोणपाटानं क्षणभर झाकतो. घरातला एक माणूस माळ्यावर, एक गच्चीवर, एक मागच्या खोलीत. जिथून धुराची एवढीशी रेघ दिसेल तिथे खडूची खूण. खुणा बुजवल्या जातात, पुन्हा कडबा, पुन्हा गोणपाट. कुठेही रेघ दिसेनाशी झाली की गोणपाट निघतं, आणि तेव्हा कुठे, त्याच्या आधी नाही, सुताराला प्लाय आणि फूटपट्टी घेऊन आत बोलावतात.